सावरण्याची ये-जा

घरातलं माणूस गेलं तर लोक भेटायला येतात. कामावरून सुट्टी मिळते, चार दिवस कुणी जाब विचारत नाही, आणि रडलं तर सगळ्यांना त्याचं कारण ठाऊक असतं. नातं तुटलं तर यातलं काहीच घडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग ठरलेली असते, तिथे जाऊन आकडे समजावून सांगायचे असतात. डोळे का सुजलेत असं कुणी विचारलंच, तर झोप नीट झाली नाही म्हणायचं. आतून सगळं कोसळलेलं, आणि बाहेर त्याची कुठे नोंदसुद्धा नाही.

समाज ज्याला दुःख म्हणून मान्यताच देत नाही, अशा दुःखांबद्दल केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये सविस्तर मांडणी केली. जगापासून लपवलेल्या नात्याचा अंत, गर्भ न टिकणं, घटस्फोट दिलेल्या जोडीदाराचा मृत्यू, पाळलेल्या प्राण्याचं जाणं, अशी ही दुःखं. त्यांचा शोक उघडपणे करता येत नाही आणि म्हणून त्यांना आधारही मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार हायसं वाटलं. मला जे होत होतं त्याला शोकच म्हणायचं, हे कुणीतरी स्पष्ट सांगण्याची मला गरज होती.

माझं दीर्घकाळचं नातं संपलं तेव्हा मी तिशीच्या आसपास होते. दुष्काळात तेरावा महिना म्हणावा तशी त्यानंतर काही महिन्यांतच नोकरीही गेली. त्या दिवसांत मला पुष्कळ सल्ले मिळाले, बहुतेक सगळे प्रेमाने दिलेले. पण जवळजवळ प्रत्येकात एक गृहीत धरलेलं होतं: दुःखातून एकदा बाहेर पडायचं आणि मग परत आत पाऊल टाकायचं नाही. ‘आता पुढे बघ.’ ‘अजून तेच घेऊन बसलीयेस?’ ‘मागच्या आठवड्यात तर बरी होतीस की!’ माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. मी आत-बाहेर करत राहिले, कितीतरी काळ. आणि आज मला खात्रीने वाटतं की ती ये-जा हा सावरण्यातला अडथळा नव्हता. मी सावरले ती त्या ये-जा करण्यातूनच. जे आत्ता यातून जात आहेत त्यांना हे कुणी सांगितलेलं नसेल, म्हणून हे लिहिते आहे.

आधी शरीराबद्दल, कारण पहिला फटका तिथेच बसतो. भूक मरते, पहाटे तीनला डोळे उघडतात, छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतं. आपण याला भावनिक म्हणतो आणि म्हणून कमी लेखतो. हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अशा १५ जणांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं, ज्यांना जोडीदाराने नुकतंच नाकारलं होतं आणि ज्यांचं प्रेम अजून संपलेलं नव्हतं. त्या माणसाचा फोटो समोर आल्यावर मेंदूतले जे भाग सक्रिय झाले, त्यांत बक्षिसाची ओढ आणि व्यसनाची तलफ यांच्याशी जोडलेले भाग होते. पुढच्याच वर्षी ईथन क्रॉस यांच्या गटाने ४० जणांवर प्रयोग केला. एकदा त्यांना सोडून गेलेल्या माणसाचा फोटो दाखवला, एकदा हाताला चटका बसेल इतकी उष्णता दिली. दोन्ही वेळी मेंदूत जे घडलं त्यात बराच भाग सारखा निघाला. मेंदूचा एक भाग अनेक कामं करतो, त्यामुळे अशा चित्रांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे मला मान्य आहे. तरी एवढं तरी धरून चालायला हरकत नाही की ‘दुखतंय’ म्हणणारा माणूस नाटक करत नसतो.

क्वचित हे दुखणं हृदयापर्यंतही पोचतं. तीव्र मानसिक धक्क्यानंतर हृदयाच्या डाव्या कप्प्याचं टोक नीट आकुंचन पावेनासं होतं आणि फुगतं, अशी एक अवस्था जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये नोंदवली. लक्षणं हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात, ईसीजीही तसाच दिसू शकतो, पण अँजिओग्राफी केली तर त्या बिघाडाचं कारण ठरेल असा अडथळा रक्तवाहिन्यांत सापडत नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये ती जास्त आढळते. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं, मात्र सुरुवातीचे दिवस धोक्याचे ठरू शकतात. हे इथे सांगण्याचं कारण साधं आहे. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर ‘टेन्शनमुळे असेल’ असं स्वतःच ठरवून घरी बसू नये. झटका की धक्का, हे तपासणीशिवाय डॉक्टरांनाही कळत नाही.

बाकी शरीरासाठी जे करायचं ते सगळ्यांना पाठ असतं आणि कुणालाच जमत नाही. माझी आत्या रोज फोन करायची. ती नात्याबद्दल अवाक्षर काढत नसे. ‘जेवलीस का? काय जेवलीस? आंघोळ झाली?’ एवढंच विचारायची. मला तेव्हा ते पुरेसं वाटत नसे, थोडा रागही यायचा. पण तिचा फोन येणार म्हणून मी उठून काहीतरी खाऊन घ्यायचे. त्या काळात माझ्यासाठी कुणी सगळ्यात मोठं काम केलं असेल तर ते तिने.

आता मोबाइलबद्दल. यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण आजच्या काळात जखम सर्वांत जास्त वेळा इथेच उघडते. पूर्वी माणूस दूर गेला की खरोखर दूर जायचा. आता तो खिशात राहतो. तो ऑनलाइन कधी आला, डीपी बदलला का, त्या फोटोत शेजारी कोण उभं आहे, तो फोटो कुणी काढला असेल, हे सगळं एका बोटाच्या अंतरावर असतं. फिशर यांच्या निरीक्षणात तलफेचा जो उल्लेख आहे, तो इथे तंतोतंत पटतो. आपण बघतो, क्षणभर बरं वाटतं, आणि लगेच आधीपेक्षा वाईट वाटतं. मग ते वाईट वाटणं घालवण्यासाठी पुन्हा बघतो.

टारा मार्शल यांनी २०१२ मध्ये ४६४ जणांच्या उत्तरांवरून फेसबुकवरच्या या पाळतीचा अभ्यास मांडला. जे आधीच्या जोडीदाराच्या पानावर सारखे जाऊन बघत होते, त्यांच्यात त्रास, ओढ आणि मनातली चीड जास्त होती आणि त्यांची स्वतःची वाढ कमी झालेली दिसत होती. जास्त दुखतंय म्हणून ते बघतात की बघतात म्हणून जास्त दुखतं, हे अशा पाहणीतून ठरवता येत नाही. बहुधा दोन्ही खरं असावं. पण या दोन गोष्टींपैकी बघणं ही एकच आपल्या हातात आहे.

तेव्हा माझं स्पष्ट मत: ब्लॉक करणं हा अपमान नाही, सूडही नाही. ‘आपण समजूतदार माणसं आहोत, मित्र म्हणून राहू’ हे वाक्य पहिल्याच आठवड्यात बोलू नये. पुढे कदाचित मैत्री होईलही, तिला कुठे घाई आहे? आत्ता मात्र अंतर हवं. ब्लॉक करणं जमत नसेल तर म्यूट करा, चॅट अर्काइव्ह करा, फोटो एका फोल्डरमध्ये घालून भरवशाच्या माणसाच्या पेनड्राइव्हवर द्या. सगळं पुसून टाकायलाच हवं असं नाही. पहाटे तीन वाजता हाताशी नसलं की पुरे. आणि कॉमन मैत्रिणींना एकदाच, स्पष्टपणे सांगून टाका की त्याच्या बातम्या मला देऊ नका, मी विचारल्या तरी देऊ नका. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. आपण विचारणार, हे आधीपासून धरून चाला.

ज्यांना मुलं आहेत, ज्यांचं ऑफिस एकच आहे, त्यांना असं अंतर परवडत नाही याची मला कल्पना आहे. त्यांनी निदान बोलण्याची हद्द आखावी. मुलांची शाळा, औषधं, वेळा, कामाची मुदत. त्यापलीकडचं काही आलं तर उत्तर उद्या द्यायचं. आज नाही.

यानंतर येतो तो ‘का’. का झालं, माझं काय चुकलं, त्या अमुक संध्याकाळी मी गप्प बसले असते तर? हा प्रश्न विचारताना आपण काहीतरी महत्त्वाचं काम करतो आहोत असं वाटतं, म्हणून तो धोकादायक आहे. दिवसभर विचार करून माणूस दमतो आणि त्याला वाटतं, आपण उत्तराच्या जवळ पोचलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरुवात. सुसान नोलेन-होक्सेमा यांनी अशा घोळवत राहण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. त्याआधी दोन आठवडे, योगायोगाने, त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची माहिती गोळा केलेली होती. भूकंपानंतर पुन्हा विचारलं तेव्हा दिसलं की ज्यांना आधीपासूनच आपलं दुःख मनात घोळवण्याची सवय होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं नंतर जास्त होती.

मग विचारच करायचा नाही, असं ठरवावं का? तेही साधत नाही. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं आणि विचार आला की घंटी वाजवायला सांगितली. घंट्या वाजत राहिल्या. पुढे जेव्हा खुशाल विचार करा असं सांगितलं, तेव्हा ज्यांनी आधी तो दाबला होता त्यांना अस्वल जास्तच सुचलं. सोडून गेलेल्या माणसाची गोष्ट अस्वलाइतकी सोपी तर नसतेच.

इथे मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सांगते. मन मोकळं करायचं तर लिहून काढ, असं पुष्कळजण सांगतात आणि त्याला आधारही आहे. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. लिहून झाल्यावर लगेच त्यांना अधिक उदास वाटलं. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरांकडे कमी वेळा गेले. यानंतर या पद्धतीवर भरपूर काम झालं, आणि ती सर्वांनाच लागू पडते असं वाटू लागलं.

डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नुकतेच विभक्त झालेल्या ९० जणांना घेऊन हे तपासलं. काहींना भावना लिहायला सांगितल्या. बाकीच्यांना नुसतं आपला वेळ कसा जातो ते लिहायचं होतं, मतं नाहीत, भावना नाहीत. जे लोक ‘या सगळ्याचा अर्थ काय’ हे अस्वस्थपणे शोधत होते, त्यांना भावना लिहिल्याने फायदा झाला नाहीच, उलट काही महिन्यांनंतर त्यांची अवस्था जास्त वाईट होती. अशा लोकांना कोरडी दिनचर्या लिहिणंच जास्त मानवलं.

मी त्याच जातीची. माझ्या वह्या ‘का’ने भरलेल्या होत्या, आणि प्रत्येक पानागणिक मी अधिक खोल जात होते. मग एकदा कंटाळून मी फक्त दिवस लिहायला लागले. सहाला उठले. कपडे धुतले. बँकेत गेले, रांग होती. दुपारी झोपले. संध्याकाळी चालायला गेले, पाऊस आला म्हणून परतले. एवढंच. त्यात तो कुठेच नसायचा. काही दिवसांनी मागची पानं चाळताना लक्षात आलं की माझ्या आयुष्यात त्याच्याशिवाय पुष्कळ काही घडत होतं आणि ते माझ्या डोळ्यांसमोर असूनही मला दिसत नव्हतं. तुम्ही मन दाबून ठेवणारे असाल, कुणापाशी कधी बोलला नसाल, तर भावना लिहा. सतत त्याच विचारात असाल, तर दिनचर्या लिहा. आपण यातले कोण आहोत, हे आपल्या जवळच्या माणसाला विचारलं की लगेच कळतं.

आता त्या ये-जा करण्याबद्दल. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, हे आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ते शास्त्र वाटतं. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी १९६९ मध्ये ही मांडणी केली ती मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसांचा, सोडून दिलेल्या माणसांचा तो अभ्यास नव्हता. त्या डॉक्टरांनी मरणाऱ्या माणसाजवळ बसून त्याचं ऐकून घेतलं, हे काम मोठंच आहे. पण पुढे त्या पायऱ्या सर्व दुःखांना लावल्या गेल्या आणि त्यातून एक क्रूर अपेक्षा तयार झाली. मागच्या महिन्यात स्वीकार झाला होता, मग आज पुन्हा राग का? मी घसरले का?

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या दोघांनी १९९९ मध्ये जोडीदार गमावलेल्यांच्या संदर्भात वेगळं चित्र मांडलं. शोक करणारा माणूस दोन बाजूंमध्ये हेलकावे घेत असतो. एका बाजूला गेलेल्याची आठवण, रडणं, ओढ. दुसऱ्या बाजूला नव्याने अंगावर पडलेली कामं, बिलं, नवी नाती, नवी ओळख, आणि दुःखापासून घेतलेली साधी विश्रांती. त्यांच्या मते हे हेलकावे निरोगी आहेत. नुसतंच दुःखात बुडून राहणं किंवा नुसतंच कामात बुडून राहणं, दोन्ही टोकं त्रासाची. ताप जसा चढतो-उतरतो आणि तरी एकंदरीत माणूस बरा होत असतो, तसं हे. नातं तुटण्याला ही मांडणी जशीच्या तशी लागू करता येईल का यावर अभ्यासकांनी बोलावं, पण माझे ते दिवस मला यापेक्षा अचूक कुणी सांगितलेले नाहीत.

या विश्रांतीचीच आपल्याला जास्त लाज वाटते. मला आठवतं, एका मैत्रिणीच्या घरी गप्पा मारताना मी पोट धरून हसले. हसता हसता अचानक थांबले. आपण हसतोय म्हणजे आपलं प्रेम खोटं होतं की काय, असं वाटलं. घरी येऊन मुद्दाम जुने मेसेज काढून वाचत बसले, जणू हसल्याची भरपाई करायची होती. कितीतरी लोकांनी मला नंतर सांगितलं की त्यांच्याही बाबतीत असं झालं. आई गेल्यावर नवं गाणं ऐकायची लाज, घटस्फोटानंतर नवा शर्ट घ्यायची लाज. तर ज्या क्षणी तुम्ही हसाल, त्या क्षणी पूर्ण हसा. त्या दोन तासांनी तुमच्या प्रेमाची किंमत एका पैशानेही कमी होत नाही. दुःख कुठे जात नाही, ते थांबतं. तुम्ही परत गेलात की ते तिथेच असेल, आणि परत जाल तेव्हा अंगात थोडी ताकद आलेली असेल.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. ज्या दिवशी रडू येईल, त्या दिवशी ‘पुन्हा पहिल्यापासून’ असं समजू नका. मी एक काम करत असे. वाईट दिवसाची आधीच्या चांगल्या दिवसाशी तुलना न करता, त्याआधीच्या वाईट दिवसाशी करायची. गेल्या वेळी दोन दिवस उठले नव्हते, या वेळी संध्याकाळी भांडी घासली. सुधारणा शोधायची ती वाईट दिवसांतच शोधायची, चांगल्या दिवसांत ती कळतच नाही.

नातं तुटतं तेव्हा दुसरा माणूस जातोच, आणि त्याच्याबरोबर आपलाही एक तुकडा जातो. एरिका स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की नातं तुटल्यावर ‘मी कोण’ याचं उत्तर धूसर होतं आणि जितकं ते धूसर, तितका त्रास जास्त. हे मला फार जवळचं वाटतं. इतकी वर्षं सगळी वाक्यं ‘आम्हाला’ने सुरू व्हायची. आम्हाला तिखट चालत नाही, आम्हाला डोंगर आवडतात. मला खरोखर डोंगर आवडतात का, हे मी एकटीने जाऊन पाहिलं. आवडतात. तिखटही चालतं, असं कळलं. या बारीकसारीक गोष्टी वाटतात, पण अशा एकेका उत्तरावर मी पुन्हा उभी राहिले. नोकरी गेल्यावरही हेच करावं लागलं, कारण हुद्दा गेला की ओळख करून देताना जीभ अडखळते.

यात एक गोष्ट मात्र जपावी लागते, ती म्हणजे आपण स्वतःशी कसं बोलतो. स्बारा यांच्याच गटाने २०१२ मध्ये घटस्फोट झालेल्या १०५ जणांना चार मिनिटं मनात येईल ते बोलायला सांगितलं आणि त्या रेकॉर्डिंगमधून ते स्वतःकडे किती करुणेने बघतात हे तपासलं. ज्यांच्या बोलण्यात स्वतःबद्दल करुणा होती, त्यांना पुढच्या नऊ महिन्यांत तुलनेने कमी त्रास झाला. स्वतःबद्दल करुणा म्हणजे सगळा दोष समोरच्यावर टाकणं नव्हे. ‘माझं काही चुकलं, त्याचंही चुकलं, असं पुष्कळांचं होतं आणि मी तरीही वाईट माणूस नाही’ इतकं म्हणता येणं. एखाद्या मैत्रिणीला आपण जे कधीच बोलणार नाही, ते स्वतःला रोज सुनावत असतो. ते शब्द एकदा मोठ्याने उच्चारून बघा. कानांना सहन होत नाहीत.

सोबतच्या माणसांसाठीही थोडं. ‘तो तुझ्या लायकीचाच नव्हता’ हे ऐकून बरं वाटत नाही, कारण मग आपण इतकी वर्षं काय पाहिलं हा नवा प्रश्न उभा राहतो. ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ हे तर कुणीच कुणाला म्हणू नये. जे झालं ते वाईट झालं, असं म्हणण्यात काही बिघडत नाही. काय बोलावं सुचत नसेल तर काम करा. वीजबिल भरा, डॉक्टरकडे सोबत जा, घर बदलायचं असेल तर खोकी बांधायला या. आणि तीन महिन्यांनी पुन्हा फोन करा. पहिल्या आठवड्यात सगळे असतात, तिसऱ्या महिन्यात कुणी नसतं.

या सगळ्यात दिलासा देणारी एक गोष्ट आहे. पॉल ईस्टविक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रेमात असलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, हे नातं तुटलं तर तुम्हाला किती त्रास होईल? पुढे ज्यांचं खरोखर तुटलं, त्यांना झालेला त्रास त्यांनी वर्तवलेल्या त्रासापेक्षा कमी निघाला. जे जास्त प्रेमात होते त्यांचा अंदाज जास्त चुकला. ‘मी यातून वाचणारच नाही’ असं मनाने सांगितलं, तर ते दुःखाचं मोजमाप म्हणून ऐका, भविष्य म्हणून नको.

पण काही वेळा मदत लागतेच, आणि ती मागायला उशीर करू नये. सलग दोन आठवडे जवळजवळ सगळा दिवस मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप, भूक, काम कोलमडलं असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. झोप यावी म्हणून रोज दारूचा आधार लागत असेल, तरीही. जगणं नको असं वाटत असेल, तर ही ओळ वाचून झाल्यावर थांबू नका. आत्ता एका माणसाला फोन करा, हेल्पलाइनला करा, जवळच्या रुग्णालयात जा, आणि तोपर्यंत एकटे राहू नका. आणि ज्यांच्या नात्यात मारहाण होती, धमक्या होत्या, त्यांना वरचे बरेचसे सल्ले लागू नाहीत. त्यांनी आधी स्वतःची सुरक्षितता पाहावी. कुठे राहायचं, कागदपत्रं कुणाकडे ठेवायची, कुणाला खबर द्यायची. ओढ तिथेही वाटते. त्यामुळे परत जावंसं वाटलं तर त्यात लाज मानू नका, पण जाऊही नका. आधी कुणाशी तरी बोला.

लोक मला विचारतात, पूर्ण बरं व्हायला किती दिवस लागतात. मी आकडा सांगत नाही. बरं झाल्याची माझी खूण एवढीच, की त्याचं नाव कुणी काढलं तर मला खोलीतून उठून जावं लागत नाही. आठवण येते, कधी घशात दाटतं, आणि मी बोलणं पुढे चालू ठेवते. काही तारखा मात्र अजून जड जातात. त्यांना टाळायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. तारीख जवळ आली की ती आधीच वहीत लिहिते आणि तो दिवस आखून ठेवते, म्हणजे ती बेसावध गाठत नाही. यंदा ती आठवड्याच्या मध्यावर येते आहे. सकाळी ऑफिसचं काम आहे, रात्री मैत्रीण राहायला येणार आहे. मधली दुपार मी रिकामी ठेवली आहे.